पगाराच्या आकड्यावर उभा असलेला संसार : हान्स फालाडा यांची ‘लिटल मॅन, व्हॉट नाऊ?’

मंदीच्या काळावरील कादंबऱ्या वाचायला घेणारा वाचक बहुधा अमेरिकेतील धुळीची वादळे आणि स्थलांतरित शेतमजूर यांच्यापासून सुरुवात करतो. मी मात्र नोकरदार घरात वाढलेल्या मराठी वाचकाच्या हाती सर्वांत आधी ‘लिटल मॅन, व्हॉट नाऊ?’ ही जर्मन कादंबरी देईन. ती जून १९३२ मध्ये बर्लिनच्या रोव्होल्ट प्रकाशनाने काढली. त्यापूर्वी ती ‘फॉसिशे त्साइटुंग’ या दैनिकातून क्रमशः छापून आली होती. त्या वर्षाच्या आरंभी जर्मनीतील नोंदणीकृत बेकारांचा आकडा साठ लाखांच्या वर गेलेला होता, म्हणजे लेखक ज्या संकटाविषयी लिहीत होता ते त्याच्या आणि वाचकांच्या दारात उभे होते, आणि त्यातून देश कोणत्या दिशेला जाणार हे दोघांनाही ठाऊक नव्हते. मागे वळून लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबरीत एक प्रकारचे शहाणपण असते. ते येथे नाही, आणि म्हणूनच पानापानांतली धास्ती खरी वाटते.

कथा साधी आहे. योहानेस पिन्नेबर्ग हा हिशेबनीस आणि एमा, जिला तो लाडाने लेमशेन म्हणतो, ही कामगाराच्या घरातील मुलगी. डॉक्टरांकडे गेल्यावर दिवस राहिल्याचे कळते आणि लग्न ठरते. एका लहान गावी धान्य, खत व बटाट्यांच्या व्यापाऱ्याकडे त्याची नोकरी असते. पण मालकाच्या मनात आपली मुलगी कोणातरी कारकुनाच्या गळ्यात बांधायची असल्यामुळे पिन्नेबर्गला आपले लग्न लपवून ठेवावे लागते. पुढे ती नोकरी जाते, दोघे बर्लिनला येतात, आणि त्याला एका मोठ्या कापड दुकानात पुरुषांच्या तयार कपड्यांच्या विभागात विक्रेत्याची जागा मिळते. जेमतेम संसार, मूल, आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस दाटून येणारी भीती, एवढाच या पुस्तकाचा ऐवज आहे.

आर्थिक संकटाचे वर्णन करताना कादंबरीकार बहुतेक वेळा उपासमारीकडे वळतात. फालाडा यांनी त्याच्या अलीकडची अवस्था निवडली आहे : पोटाला अजून मिळते आहे, अंगावर इस्त्रीचे कपडे आहेत, गळ्यात पांढरी कॉलर आहे, पण हे सगळे एका सहीने संपू शकते. लेमशेन एके दिवशी बसून महिन्याचे अंदाजपत्रक तयार करते. दोनशे मार्क पगार धरून लोणी, अंडी, भाजी, मांस, घरभाडे, विम्याचे हप्ते, कपडे, चपला अशी एकेक बाब ती मांडत जाते, आणि कादंबरीत तो कागद जसाच्या तसा छापलेला आहे. त्यात फुलांसाठीही एक ओळ आहे. ज्याच्या घरात महिन्याच्या पहिल्या तारखेला आईने वहीत खर्चाची मांडणी केलेली आहे, त्याला ही दोन पाने निबंधापेक्षा जास्त सांगतील, कारण शिल्लक राहणाऱ्या चार मार्कांकडे पाहताना आपणही कुठल्या रकान्यात काटछाट करता येईल याचा विचार करू लागतो. पुढे बर्लिनमध्ये मिळणारा पगार अपेक्षेपेक्षा बराच कमी निघतो आणि तो कागद निरुपयोगी ठरतो. तरीही पिन्नेबर्ग पहिल्या पगाराचा मोठा भाग खर्चून बायकोसाठी आरशाचे टेबल घेऊन येतो. व्यवहाराच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे. पण लेखक त्याला दोष देत नाही, आणि वाचकालाही तो द्यावासा वाटत नाही. असाच दुसरा प्रसंग गरोदर लेमशेनचा आहे. नवऱ्यासोबत खायचे म्हणून घेतलेले सॅमन माशाचे काप ती रस्त्यानेच एकेक करून संपवते आणि घरी येऊन रडते. पैशाची चणचण माणसाच्या साध्या इच्छेलाही अपराधाचे रूप कसे देते, हे मी इतक्या थोड्या शब्दांत अन्यत्र वाचलेले नाही.

दुकानातील प्रकरणे हा या पुस्तकाचा सर्वांत भक्कम भाग आहे. व्यवस्थापनात एक नवा तज्ज्ञ येतो आणि प्रत्येक विक्रेत्याने आपल्या पगाराच्या कित्येक पट विक्री केलीच पाहिजे असा नियम लागू होतो. तोपर्यंत पिन्नेबर्ग हा चांगला विक्रेता असतो, कारण तो गिऱ्हाइकाचे ऐकून घेतो; आता ठरलेला आकडा डोक्यात असल्यामुळे त्याचा आवाज बदलतो, गिऱ्हाईक बिचकते, विक्री आणखी घटते. हाइलबुट नावाचा सहकारी आपली विक्री गुपचूप त्याच्या खात्यावर लावून देतो, त्यावर काही काळ निभते. एका चित्रपटनटाने तासभर कपडे अंगावर चढवून काहीच न घेता निघायचे ठरवल्यावर पिन्नेबर्ग त्याला काहीतरी घ्या म्हणून अक्षरशः विनवू लागतो, आणि त्या विनवणीतूनच त्याच्या विरुद्ध तक्रार होते. आजच्या विमा, बँक किंवा मोबाईलच्या विक्रीत ‘टार्गेट’ घेऊन वावरणाऱ्या कोणत्याही तरुणाला हे प्रकरण वाचताना वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज भासणार नाही.

पांढरपेशा माणसाचे एकटेपण हा या कादंबरीतला दुसरा धागा आहे. लेमशेनचे वडील जुने समाजवादी कामगार. जादा कामाचा मोबदला मागण्याइतकीही एकी कारकुनांत नाही, म्हणून ते जावयाला पहिल्याच भेटीत टोचून बोलतात. पिन्नेबर्गला ते झोंबते, पण व्यापाऱ्याच्या कचेरीत तिघा कारकुनांनी एकमेकांना दिलेला शब्द प्रत्यक्ष प्रसंग येताच कसा विरघळतो, हे दाखवून लेखक सासऱ्याचे म्हणणे खरे करतो. या कारकुनांपैकी लाउटरबाख हा केवळ कंटाळा घालवण्यासाठी नाझी संघटनेत गेलेला आहे. नाझी सत्तेवर आल्यानंतरच्या आवृत्तीत हेच पात्र फुटबॉलचा गोलरक्षक करण्यात आले. सत्तेला नेमके काय बोचले, हे त्या बदलावरून ध्यानात येते. पिन्नेबर्ग आणि लेमशेन यांच्या भाड्याच्या खोलीची मालकीण असलेली म्हातारी विधवाही विसरता येत नाही. १९२३ च्या महाभयंकर चलनवाढीत तिची सारी पुंजी वितळून गेली. आपले पैसे कोणीतरी चोरले असले पाहिजेत अशी तिची समजूत झाली आहे. दोन वेगवेगळ्या आर्थिक आपत्ती एकाच छताखाली नांदताना येथे दिसतात, एक पैसा कवडीमोल करणारी आणि दुसरी पैसा दुर्मीळ करणारी.

काही बाबी मला खटकल्या. लेमशेन फार चांगली आहे. तिचा धीर, तिचा प्रामाणिकपणा आणि तिची माया यांना कुठेच तडा जात नाही, आणि उत्तरार्धात ती हाडामांसाच्या बाईपेक्षा पिन्नेबर्गची आशाच अधिक वाटू लागते. पिन्नेबर्गची आई आणि तिचा गूढ धंदे करणारा मित्र याखमान यांच्या संदर्भातली पाने रंगतदार असली, तरी मूळ विषयापासून दूर जातात. बेकारीच्या मुळाशी असलेल्या कारणांत लेखक शिरत नाही. अमेरिकी कर्जे परत मागितली जाणे, जुलै १९३१ मधील बँकांची पडझड, पगारकपातीचे सरकारी हुकूम यांपैकी काहीही पात्रांच्या बोलण्यात सविस्तर येत नाही. हे मला उणीव वाटत नाही, कारण पिन्नेबर्गसारख्या माणसाला मंदी कळते ती साहेबाच्या कपाळावरच्या आठीवरून. मात्र ज्यांना त्या काळाचा इतिहास हवा आहे त्यांनी सोबत एखादे इतिहासाचे पुस्तक ठेवावे.

मी वाचला तो सूझन बेनेट यांचा इंग्रजी अनुवाद. त्याची भाषा सुबोध आहे, संवाद छोटे आणि चटपटीत आहेत, त्यामुळे इंग्रजी कादंबऱ्या वाचण्याची फारशी सवय नसलेल्यांनाही तो जड जाणार नाही. जर्मन चालीरीतींचे काही उल्लेख सुरुवातीला अडखळवतात, पण पन्नासेक पानांनंतर ते अंगवळणी पडतात. एरिक सटन यांचा १९३३ चा अनुवादही जुन्या ग्रंथालयांत मिळू शकतो, तरी नव्याने विकत घेणाऱ्याने बेनेट यांचाच घ्यावा. ज्यांना जर्मन येते त्यांच्यासाठी २०१६ साली मूळ हस्तलिखितावर आधारित अखंड आवृत्ती निघाली असून, १९३२ मध्ये गाळलेला बराच मजकूर तिच्यात परत घेतला आहे. ज्यांच्या घरात नुकतीच नोकरी गेली आहे त्यांनी शेवटचा भाग थोडा थांबून वाचावा. बर्लिनच्या रस्त्यावर पोलीस पिन्नेबर्गला दुकानाच्या काचेपासून हुसकावतो, तो प्रसंग सहन करणे सोपे नाही.