‘सावधान’ दोन सेकंद उशिरा: व्हीएचएस कॅसेटच्या डीव्हीडी, आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये घरातल्या चार व्हीएचएस (म्हणजे जुन्या व्हिडिओ) कॅसेट एका फोटो स्टुडिओत देऊन डीव्हीडी करून आणल्या. कॅसेटमागे साडेचारशे, एकूण अठराशे. तेव्हा पहिली दहा मिनिटं बघून मी खूश झाले आणि चार जणींना त्या दुकानाचा पत्ताही दिला. त्या चौघींची आधीच माफी मागते.

भाऊबीजेला नणंद आली, म्हणून आमचं १९९४ चं लग्न लावलं. ऐन मंगलाष्टकांत ती म्हणाली, ‘वहिनी, हार घालून झाले तरी भटजींचं सावधान चालूच आहे!’

तेव्हापासून मला दुसरं काही दिसेना. अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, ह्यांची मान वाकते, आणि मग दोन सेकंदांनी ‘सावधान’. मोबाईलवर वेळ लावून मोजलंय. गणपतीपूजनाला आवाज चोख आहे, पुढे पुढे मागे पडत जातो. पंगतीत तर घास ह्यांच्या तोंडात गेला तरी माझा उखाणा संपत नाही. (‘सावधान उशिरा ऐकू आलं म्हणून अडकलो’ हा विनोद ह्यांनी आतापर्यंत चौघांना ऐकवला आहे.)

दुकानात गेले तर, ‘ताई, कॅसेटच खराब आहे, पुन्हा करायची तर वेगळे पैसे पडतील.’ वेगळे पैसे म्हटल्यावर मी तिथून उठलेच. शेजारच्या काकांचा व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं मशीन, मागून आणला, कॅसेट लॅपटॉपमध्ये उतरवणारं अकराशेचं यूएसबी कॅप्चर मागवलं आणि भाच्याच्या लॅपटॉपला पिवळी, पांढरी, लाल पिन जोडून बसले. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मी त्या टीव्हीसमोरच खाल्ली.

आणि माझ्याही फाइलमध्ये सावधान उशिराच!

इथे मला माझं मत थोडं बदलावं लागलं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात. टेप सुरकुतलेली असली किंवा ट्रॅकिंग (मशीनचं टेपशी जुळणं) हललं, की सिग्नल क्षणभर तुटतो आणि कॅप्चर तेवढी चित्रं गाळून टाकतं. आवाज मात्र अखंड नोंदला जातो. अशी ५० चित्रं गळली की चित्र दोन सेकंद पुढे पळालं. म्हणजे दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. पण पैसे घेण्याआधी डिस्क एकदा शेवटपर्यंत बघायला काय झालं होतं, हे मी सोडणार नाही.

भाच्याने आवाजाची पट्टी जिथे जिथे घसरली होती तिथे कापून पुन्हा जुळवली. सहा ठिकाणी. दुकानाच्या डीव्हीडीवरूनही आवाज असा जुळवता आला असता, पण त्यांनी तीन तास एकाच ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये कोंबले होते. एका डिस्कवर दोन तास बरे मावतात. त्यामुळे अक्षता उधळल्या की पडद्यावर नुसते चौकोन, जणू आमच्या डोक्यावर विटाच पडतायत. माझ्या फाइलमध्ये निदान तांदूळ वाटतात.

आता माझी चूक. तिसरी कॅसेट मुंजीची. तिच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसत होती. धूळ समजून लावली, ती निघाली बुरशी. माळ्यावर इतके पावसाळे काढल्यावर दुसरं काय होणार! दोन मिनिटांत चित्रावर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके, आणि त्यानंतर चांगल्या कॅसेटवरसुद्धा बर्फ. काकांचा व्हीसीआर! घाम फुटला, कारण भरून द्यायचा म्हटलं तरी नवा मिळत नाही, फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. मेकॅनिकने हेड (मशीनचा टेप वाचणारा भाग) साफ करायचे साडेतीनशे घेतले आणि दम दिला, कानातल्या कापसाच्या काडीने स्वतः पुसू नका, धागा अडकून हेड तुटतं.

हिशेब: दुकानाचे अठराशे पाण्यात, वर अकराशे आणि साडेतीनशे. म्हणजे ३२५० रुपये. आधी कॅप्चर घेतलं असतं तर निम्म्याहून कमीत भागलं असतं. ज्यांच्याकडे एकच कॅसेट आहे त्यांनी मात्र दुकानातच द्यावी, फक्त डिस्कबरोबर फाइलही मागावी आणि पैसे देण्याआधी शेवटची पाच मिनिटं आवाज लावून बघावीत. कॅसेट देताना मागच्या कडेची छोटी पट्टी तोडली आहे ना तेही बघा, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर लग्न पुसलं जाईल.

मुंजीची कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवली आहे, काकांच्या मशीनला ती परत दाखवणार नाही. व्हीसीआर रविवारी परत करायचा आहे आणि बारशाची कॅसेट अजून बाकी आहे.