जुनी एक्सपल्स 200: मूळ सस्पेन्शन सुधारावं की रॅली किट बसवावं?

हिरोची सेकंडहँड एक्सपल्स (कच्च्या वाटांवरही चालणारी मोटरसायकल) घेतलेला एक मित्र याच पेचात आहे. आधी फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळ्या बघ म्हटलं. गंजाचे टिपके असतील तर नवीन ऑइल सीलही टिकत नाही.

खर्चात तुलनाच नाही. सील, फोर्क ऑइल आणि कडक स्प्रिंगा काही हजारांत होतात. रॅली किट, म्हणजे हिरोचाच जास्त दबणाऱ्या सस्पेन्शनचा संच, 2020 मध्ये आलं तेव्हाच 38 हजारांच्या घरात होतं.

चालीत मात्र किट पुढे. मूळ गाडीचा पुढचा फोर्क 190 मिमी दबतो, मागचा शॉक 170. किटने ते 250 आणि 220 होतं, डॅम्पिंगही (स्प्रिंगची उसळी आवरणारा रोध) कमीजास्त करता येतं. मूळ फोर्कमध्ये ती सोय नाही. जाड ऑइल घातलं की उसळी आवरते, पण टोकदार दगडावर मनगटाला हिसका बसतो. म्हणून आधी वजनाप्रमाणे स्प्रिंग, मग ऑइल. स्प्रिंग जमली का ते बघायला फोर्कच्या नळीला केबल टाय बांधून सीलला टेकवा आणि रायडिंग गियरसकट गाडीवर बसा. टाय 55-60 मिमी सरकला, म्हणजे फोर्क तेवढा दबला, तर जमलं. (हे फुकटचं काम कोणीच करत नाही!)

किटने सीट सुमारे 6 सेंटिमीटर वर जाते. चिखलाच्या चढावर पाय टेकायची वेळ आली की ते कळतं.

रोज ऑफिस आणि पावसाळ्यात घाटातल्या कच्च्या वाटा असतील, तर मूळ सस्पेन्शनच सुधारून घ्या. उड्या मारायच्या असतील, स्पर्धेत उतरायचं असेल आणि पाय लांब असतील, तर किट.