उजेड हवा, ऊन नको: सातव्या मजल्यावरच्या घरातले नऊ महिने

छत्रपती संभाजीनगरातील एका पंचवीस वर्षे जुन्या इमारतीचा सर्वांत वरचा मजला आणि त्यावरची गच्ची असे घर आम्ही घेतले, आतून पूर्ण नव्याने करून घेतले आणि मागील डिसेंबरात राहायला आलो. घर उजेडाचे हवे, एवढीच मागणी आम्ही वास्तुविशारदांपुढे ठेवली होती. तिन्ही ऋतू काढल्यावर वाटते की ती मागणीच अर्धवट होती.

सर्वांत लाभदायक ठरले ते स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली साडेचार इंची भिंत काढणे. भार कॉलम-बीमवर आहे, याची इंजिनिअरकडून खात्री केल्याशिवाय मात्र तिला हातोडा लावू दिला नाही. पूर्वी जिथे भरदुपारी ट्यूबलाइट लागे, त्या ओट्यापाशी आता दिवेलागणीपर्यंत दिवा लागत नाही. फोडणीचा ठसका थेट सोफ्यापर्यंत पोहोचतो, ही त्याची किंमत.

दक्षिणेकडे सात फूट उंचीचा सरकता काचेचा दरवाजा आहे आणि त्यावर दोन फुटी छज्जा. आपले शहर सुमारे १९.९ अक्षांशावर असल्याने डिसेंबरात दुपारचा सूर्य ४७ अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे ऊन साडेचार फूट आत, म्हणजे दोन फरश्या ओलांडून तिसरीवर येते. सासूबाई त्या तिसऱ्या फरशीवर पाट टाकून ज्वारी निवडत बसत आणि ऊन सरकेल तसा पाटही सरकवत. मे महिन्यात हेच ऊन छज्जाबाहेरच थांबते. पश्चिमेची खिडकी मात्र मोठी ठेवू नये, हा सल्ला आम्ही ऐकला नाही. एप्रिलपासून तिथे वाळ्याचा पडदा कायमचा पाडलेला आहे.

खरी चूक झाली ती जेवणाच्या टेबलाच्या वर छताचा स्लॅब कापून बसवलेल्या चार बाय तीन फुटांच्या काचेची. हिवाळ्यात पाहुणे तिचेच कौतुक करत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात येथे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तेव्हा त्या टेबलावर ताट ठेवून जेवणे अशक्य झाले. "अगं, माळवदाचं साणं हातभर असतं, तुम्ही तं आभाळच घरात घेतलं," असे सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या माहेरच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात उन्हाळ्यात त्या साण्यावरही, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेल्या झरोक्यावरही, सूप झाकत असत. आम्ही शेवटी काचेवर हिरवी जाळी ताणली.

गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे लावण्याचा खर्च मला आधी अनाठायी वाटला होता. कुरडया घालताना दुपारी अनवाणी उभे राहता आले, तेव्हा तो पटला. रात्री खोल्यांचे छतही पूर्वीसारखे धगधगत नाही. तरीही कूलरवाचून भागत नाही, आणि नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे कूलरची टाकी भरताना दर वेळी हिशेब करावा लागतो. दिवाणखान्यातील चकचकीत पांढरी फरशी पुन्हा घेणार नाही; स्वच्छ उजेडात तिच्यावरची धूळ दिवसातून दोनदा दिसते.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात काचेच्या चौकटीतून टेबलावर पाणी ठिबकले. गच्चीत पाणी साठवून चाचणी घेतली होती, पण चौकट त्यानंतर बसवली गेली होती. सध्या टेबलावर पातेले आहे. पावसाळा उलटल्यावर येतो, असे कंत्राटदाराने सांगितले आहे.