पिकअप दोन इंच उचलावी, की टायर बदलून थांबावे?

इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स यांच्या वर्गातील, म्हणजे पुढे स्वतंत्र सस्पेन्शन व कॉइल स्प्रिंग आणि मागे सलग अ‍ॅक्सलवर पाटे (लीफ स्प्रिंग) अशा बांधणीची पिकअप घेतली, की पहिला पावसाळा सरण्याआधीच हा प्रश्न समोर येतो. मी त्याची दोन्ही उत्तरे स्वतः देऊन पाहिली आहेत. दोन पावसाळे आणि गुऱ्हाळाचे दोन हंगाम माझी गाडी दोन इंच उचललेली होती. नंतर ती मूळ उंचीवर आणली, टायर तेवढे एका मापाने मोठे घातले, आणि सध्याचा हंगाम तसाच चालू आहे. पुढे पाटे असलेल्या साध्या मालवाहू पिकअपचे गणित वेगळे असते, त्यामुळे तिचा विचार येथे केलेला नाही.

गाडी उचलल्याने नेमके काय उचलले जाते, याविषयी आपल्याकडे थोडा गैरसमज आहे. चेसिस, पुढचा बंपर, इंजिनखालची पत्र्याची ढाल आणि हौदा हे सारे वर जाते. परंतु मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरचा) गोळा होता तेथेच राहतो, कारण त्याची जमिनीपासूनची उंची केवळ टायरवर ठरते. उसाच्या फडातून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आठवडाभर गेला म्हणजे चाकोऱ्या खोल होतात आणि मधला माथा तसाच उरतो. त्या माथ्याला आधी घासतो तो हाच गोळा. पहिल्या पावसाळ्यात उचललेली गाडी त्याच जागी, तशीच अडकली, तेव्हा मला हे खऱ्या अर्थाने समजले. याउलट बांधावरून उतरताना बंपर टेकणे किंवा जांभ्याच्या पायरीवर गाडीचा मधला भाग बसणे, हे उचललेल्या गाडीत जवळजवळ थांबले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

टायरचा हिशेब सरळ आहे. २४५/७० आर १६ ऐवजी २४५/७५ आर १६ घातल्यास व्यास सुमारे साडेचोवीस मिलिमीटरने वाढतो आणि गोळ्यासह सारी गाडी त्याच्या निम्मी, म्हणजे १२ मिलिमीटर वर येते. आकडा किरकोळ वाटतो. पण तो नेमका घासणाऱ्या जागी मिळतो. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८२-८३ ने जात असते, हे लक्षात ठेवावे लागते, आणि स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागते, जे खर्च मोजताना बहुतेक जण विसरतात. पूर्ण वळणावर चाक आतल्या प्लास्टिकला घासते का, हे दुकानातच दोन्ही बाजूंना स्टिअरिंग फिरवून पाहून घ्यावे. डिझेल थोडे अधिक लागत असावे, असा माझा अंदाज आहे.

पुराचे कारण सांगून गाडी उचलणारेही भेटतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरलगत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, त्याची आठवण अजून ताजी आहे, त्यामुळे त्यांची भीती समजण्यासारखी आहे. मात्र पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहू लागले म्हणजे दोन इंचांनी काहीही साधत नाही. गाडी ओढून नेतो तो प्रवाह, आणि त्याच्यापुढे माझ्यासारख्याने गाडी वळवून घरी जावे हे उत्तम.

उचलण्याच्या पद्धतीवर बरेच अवलंबून असते. पुढे शॉकअपच्या वर बसणारा स्पेसर (जाड चकती) स्वस्त पडतो, आणि त्याच्या जाडीच्या जवळपास दुप्पट उंची चाकापाशी मिळते, त्यामुळे जाड स्पेसर मागून घेण्याचा मोह टाळावा. मागे अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालणे सर्वांत सोपे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तो लेथवर हव्या त्या मापाचा करून मिळतो, पण हे सारे एकत्र आवळणारे लांब यू-बोल्ट चांगल्या प्रतीचे नसतील तर त्या ठोकळ्यावर भरलेली गाडी सोडणे मला पटत नाही. मी पुढे स्प्रिंग आणि मागे पाटे असा पूर्ण संच बसवला होता. तरीही कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी झाल्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होण्याची ओढ मंदावली, आणि करूळ घाटात हात सतत जागा ठेवावा लागू लागला. पुढच्या सस्पेन्शनचे वरचे आर्म बदलले तर यावर इलाज होतो, असे सांगतात. मी तो खर्च केला नाही. दुसरी बाब ब्रेकची आहे. काही पिकअपमध्ये चेसिस आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यातील अंतरावरून भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की ते अंतर वाढते, व्हॉल्व्हला हौदा रिकामा भासतो आणि मागचे ब्रेक कमी धरतात. त्याची दांडी पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय भार घेऊन घाट उतरू नये.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून पाहतो. टायरचे मापही उत्पादकाने मान्य केलेल्या मापांतच ठेवावे.

एवढे सगळे असूनही मी गाडी खाली आणली ती यांपैकी कशामुळेही नव्हे. आमच्या गुऱ्हाळाला माल भरण्यासाठी दगडी कट्टा आहे. वडिलांनी तो त्यांच्या काळातील गाडीच्या मापाने बांधला, आणि सुदैवाने माझ्या पिकअपचा फाळका (हौद्याचे मागचे दार) उघडला की तो कट्ट्याला अगदी समतल येत असे, इतका की बारदानात गुंडाळलेला तीस किलोचा गुळाचा रवा (ढेप) एका माणसाने ढकलला तरी थेट हौद्यात जाई. गाडी उचलली आणि तेथे दोन इंचांची पायरी झाली. दोन इंच ही काय उंची आहे, असे मलाही वाटले होते. परंतु सरकवणे आणि उचलणे यांत कमरेला कळणारा फरक आहे, आणि तो प्रत्येक रव्याला पुन्हा कळतो. जुने पाटे आठ-दहा रवे चढताच दबत आणि उंची आपोआप उतरत असे. नवे पाटे कडक होते, ते अर्धी गाडी भरेपर्यंत हलत नसत. फळ्या टाकून पाहिल्या, त्या पायाखाली डुलत. कट्टा उंच करावा म्हटले, तर ट्रॉली आणि भाड्याचे टेम्पो यांच्या मापाचे काय करायचे, हा प्रश्न होता. शेवटी माणसे रवा फाळक्याच्या कडेवर टेकवून मग आत लोटू लागली आणि रव्यांच्या कडा फुटू लागल्या. शाहू मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी कड फुटलेल्या रव्याकडे व्यापारी कसे पाहतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मी संच काढून घेतला.

माझा संच सध्या चंदगडच्या माझ्या मेहुण्यांच्या गाडीला आहे आणि ते त्यावर मनापासून खूश आहेत. त्यांच्या काजूच्या बागेत जांभ्याच्या पायऱ्या आहेत, बंपर वाचवणे हीच त्यांची मुख्य गरज आहे, आणि त्यांची पोती खांद्यावरूनच चढतात, त्यामुळे फाळका दोन इंच वर की खाली याचे त्यांना सोयरसुतक नाही. ज्यांचे काम त्यांच्यासारखे आहे त्यांना मी अडवणार नाही. इतरांनी मात्र संच मागवण्यापूर्वी रिकामी गाडी आपल्या नेहमीच्या कट्ट्याला किंवा गोदामाच्या दाराला उलटी लावावी, फाळका उघडावा आणि त्याच्या कडेवर दोन इंचांची वीट ठेवून एखादे पोते स्वतः चढवून पाहावे. मेहुणे दिवाळीनंतर गूळ न्यायला येतात तेव्हा त्यांची गाडी आमच्या कट्ट्याला लावत नाहीत. रवे मीच माझ्या पिकअपमध्ये भरतो आणि रस्त्यापर्यंत आणून देतो.