वायरचे इअरफोन घेताय? आधी पिनेची मान वाकवून बघा

नागपुरात बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत शिरलं की वायरचे इअरफोन अजूनही घडांनी टांगलेले दिसतात. घेणारेही कमी नाहीत. अभ्यासिकेत दिवसभर लेक्चर लावून बसणारी एमपीएससीची पोरं, मेट्रोने हिंगणा रोडला जाणारे, घरून मीटिंगा करणारे. चार्जिंगची कटकट नको आणि हरवले तरी जीव जळू नये, एवढाच हिशोब. प्रश्न असतो तो तीनशे-चारशेचे घ्यावे, सहाशेचे घ्यावे की थेट हजाराच्या आसपास जावं हा.

डब्यावर मोठ्या अक्षरात बास लिहिलेला असतो, ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, किती एमएमचा तेही लिहिलेलं असतं. त्यावरून निर्णय घेऊ नका. ११ एमएमचा ड्रायव्हर १० एमएमच्यापेक्षा चांगला वाजेलच असं काही नसतं. आणि या किमतीतले बहुतेक इअरफोन जातात ते वायर आतून तुटल्याने. स्पीकर क्वचितच जळतो. एक साइड बंद पडते, मग पिन अंगठ्याने दाबून धरली की आवाज येतो, सोडली की जातो. म्हणून मी तुलना बांधणीची करतोय.

तीन नमुने डोळ्यांसमोर ठेवू. स्वस्तातला बोट (boAt) कंपनीचा बासहेड्स १००, मधला रिअलमी बड्स २ आणि वरच्या टोकाला केझेडचा ईडीएक्स प्रो. पहिल्यात १० एमएमचा ड्रायव्हर, प्लास्टिकचं अंग, चोचीसारखा आकार. दुसऱ्यात ११.२ एमएमचा ड्रायव्हर, आणि दोन्ही बडच्या, म्हणजे कानात जाणाऱ्या बोंडांच्या, पाठीला चुंबक, त्यामुळे गळ्यात टाकले की एकमेकांना चिकटून राहतात. तिसऱ्यात पुन्हा १० एमएमच, पण वायर बडमधून काढता येते. किमती रोज हलतात, तरी साधारण चारशेच्या आत, सहाशेच्या आसपास आणि हजाराच्या आगेमागे असं धरून चाला.

आता हातात घेऊन काय बघायचं? वायर तीन ठिकाणी तुटते. पिनेच्या मुळाशी, जिथे एका वायरच्या दोन होतात तिथे, आणि बडमध्ये शिरते तिथे. यात पिनेचं मूळ सगळ्यात कच्चं, कारण खिशात फोन ठेवला की सगळा ताण तिथेच येतो. तिथे रबराची बाही असते. ती पिनेच्या बाजूला जाड आणि वायरकडे निमुळती होत गेलेली हवी. दोन बोटांत धरून वाकवा. बाही वायरबरोबर गोल वळली तर ठीक. बाही ताठ राहिली आणि वायर तिच्या तोंडाशीच काटकोनात मोडली, तर ती बाही नुसती शोभेची आहे, वायर तिथेच तुटणार. सहाशेच्या मालातही असल्या कडक बाह्या सर्रास असतात, तेव्हा किमतीवर विश्वास ठेवू नका.

पिन सरळ की एल आकाराची, हे तुम्ही फोन कसा धरता त्यावर आहे. फोन खिशात ठेवून चालणाऱ्याला एल बरी. लॅपटॉपला लावणाऱ्याला सरळही चालते. फोनला जाड कव्हर असेल तर एल पिन पूर्ण आत बसते का ते बघा; अर्धवट बसली की माइक चालत नाही आणि दोष इअरफोनवर जातो.

वायरच्या बाबतीत कापडी विणीची वायर मजबूत, हा समज अर्धाच खरा आहे. वीण बाहेरून घासण्यापासून वाचवते, गुंताही कमी होतो. पण आतली तार तीच, केसासारखी बारीक, लाखेचा थर दिलेली. वर कापड आहे म्हणून ती वाकून तुटायची थांबत नाही. शिवाय विणीची वायर शर्टाला घासली की खरखर थेट कानात येते, अभ्यासिकेच्या शांततेत तर फारच. साध्या रबरी वायरीत ही खरखर कमी, पण तिला आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा गाडीच्या डिक्कीत राहिलेली स्वस्त वायर आधी चिकट होते आणि पुढे हळूहळू कडक पडते. घामाचं मीठ वेगळंच. चपटी वायर गुंतत नाही, पण वाऱ्यात फडफडते.

धातूचं अंग बघून भुलू नका. हातात वजनदार लागलं की भारी वाटतं खरं, पण तेच वजन कानातून बड खाली ओढतं. प्लास्टिक हलकं असतं. फक्त जोडाची रेघ नखाने तपासा, नख अडकलं तर तिथून तो उघडणार. बडच्या तोंडावरची जाळीही बघा. ती नुसती गोंदाने चिकटवलेली असली तर मळ साफ करताना हातात येते. आणि कानात घालताना दाबल्यावर कट्ट असा आवाज आला, तर आतल्या हवेला बाहेर जायला जागा कमी आहे. त्याने बिघडत नाही, पण रोज त्रास होतो.

तिसऱ्या प्रकाराची खरी कमाई इथे आहे. वायर तुटली तर दोन पिनांची नवी वायर लावायची, बड तेच. चारशेचे इअरफोन घेऊन दुरुस्तीला गेलात तर कारागीर वायर सोलून बघतो, लाख जाळून डाग द्यायला वेळ किती जातो ते त्याला माहीत असतं, आणि म्हणतो, "नवीनच घेऊन घ्या ना भाऊ." त्याचं चूक नाही. केझेडवाल्याला ही वेळ येत नाही. मात्र त्याची वायर कानावरून मागे वळवून घालावी लागते. हेल्मेटखाली ती दुखते आणि चष्म्याच्या काडीशी भांडते. माइक हवा असेल तर माइकवालीच घ्या, बिनमाइकची वेगळी मिळते. आणि त्या बारीक पिना पुन्हा पुन्हा काढू-घालू नका, सॉकेट ढिलं होतं.

रोज गाडीवर फिरणाऱ्याने किंवा वस्तू हमखास हरवणाऱ्याने पहिलाच घ्यावा, मन मोठं करून. तासन् तास एका जागी बसून ऐकणाऱ्याने तिसरा. मधला मी फक्त एकाच माणसाला सुचवेन, ज्याला दिवसभर कॉल येतात आणि बड गळ्यात अडकवून ठेवायची सवय आहे. चुंबकाचा उपयोग त्यालाच.

फोनला गोल जॅकच नसेल तर टाइप-सीचे इअरफोन किंवा छोटी जोडणी घ्यावी लागेल. टाइप-सीमध्ये दोन जाती आहेत. एकात आवाज तयार करणारी चिप पिनेतच असते, ती बहुतेक फोनवर चालते. दुसरीत चिप नसते, ती फोनच्या भरवशावर चालते, आणि सगळे फोन तो भरवसा देत नाहीत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून स्वतःचा फोन काउंटरवर काढा, गाणं लावा, एक कॉल लावून माइक बघा, मगच पैसे द्या. एकदा पाकीट फाडलं की परत घेताना दुकानदार हमखास कुरकुरतो.