अलास्का की नॉर्वे? थंडीतल्या क्रूझला निघालेल्या जोडप्यासाठी

गेल्या महिन्यात पिंपळगावहून मावसभावाचा फोन आला. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, वहिनींना थंडीतली क्रूझ करायचीय, बर्फ बघायचाय, मधे मधे बंदरांवर उतरून फिरायचंय. अलास्का की नॉर्वे, तेवढं एका वाक्यात सांग. एका वाक्यात सांगितलं असतं तर पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. आम्ही दोघं दोन्हीकडे जाऊन आलोय, अलास्काला जुलैत आणि नॉर्वेला फेब्रुवारीत. त्याला चार-पाच फोनमध्ये तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते इथे एकत्र लिहितो.

दोन्हीला क्रूझ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अलास्काची बोट म्हणजे तरंगतं हॉटेल. दोन ते चार हजार प्रवासी, रोज रात्री नाचगाणी, पोहण्याचा तलाव, मध्यरात्रीही कुठेतरी पिझ्झा चालू. सफर साधारण सात रात्रींची, सिॲटल किंवा व्हँकुव्हरहून निघणारी. आठवड्यात तीन-चार बंदरं, आणि जुनो, स्कॅगवे, केचिकनसारख्या ठिकाणी बहुतेक वेळा अर्धा दिवस किंवा जास्तच हाताशी.

नॉर्वेची बोट मात्र समुद्रावरची एसटी आहे. 1893 मध्ये रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने टपाल आणि माल वाहून न्यायला ती सुरू केली. ‘हुर्टिग्रुटेन’ या नावाचा अर्थच जलद मार्ग. आता 2021 पासून हाविला नावाची दुसरी कंपनीही त्याच मार्गावर बोटी चालवते. बर्गनहून निघून पार रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत 34 बंदरं, जाऊन येऊन 12 दिवस. रात्री दोनला कुठल्यातरी गावाच्या धक्क्याला बोट लागते, पोटातून फोर्कलिफ्ट खोकी काढतो, दोन माणसं उतरतात, एक चढतो, की निघाली. आमच्या बाजूच्या सोफ्यावर एक आजी दोन बंदरांपुरत्या येऊन बसल्या, विणकाम केलं आणि उतरून घरी गेल्या. काही थांबे पंधरा मिनिटांचे असतात. ट्रॉन्डहाइम, ट्रॉम्सो, होनिंग्सवोग अशा मोजक्या ठिकाणीच काही तास मिळतात. आणि वेळ झाली की बोट सुटते. आपला कंडक्टर निदान डबल बेल मारण्याआधी मागे वळून बघतो, इथे तेही नाही.

तेव्हा बोटीवरची मजा हवी असेल तर अलास्का, आणि खिडकीतून किनारा बघत बसायला आवडत असेल तर नॉर्वे. संध्याकाळी काहीच कार्यक्रम नसला तर तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोलाल, हा प्रश्न नॉर्वेचं तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावा. चेष्टा नाही करत.

आता थंडी. अलास्काच्या क्रूझ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच चालतात. जुलैत तिथे दिवसा 12 ते 18 अंश, हिमनदीपाशी वारं सुटलं की जरा कमी. म्हणजे आपला डिसेंबर, वर पाऊस. निफाडला पारा चार-पाचावर येतो त्या पहाटे बागेत शेकोटी पेटवणाऱ्या माणसाला अलास्काची थंडी नवी नाही. केचिकनला मात्र वर्षाला साधारण 3800 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे इगतपुरीच्या श्रावणातून फिरल्यासारखं वाटतं. रेनकोट न्या, तिथल्या वाऱ्यापुढे छत्रीचं काही चालत नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीत शून्याच्या आसपास असतं, उबदार सागरी प्रवाहामुळे बंदरं गोठत नाहीत. पण किर्केनेसला आत गेलं की उणे पंधराही सहज होतं. थर्मलचे दोन जोड आणि लोकरीचे मोजे नाशिकच्या शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधूनही निभावतात. बुटांखाली बांधायचे काटेरी पट्टे मात्र तिकडेच घ्या. ते न घेता मी ट्रॉम्सोच्या उतारावर तीन पावलं टाकली आणि चौथ्याला बसलो. गुडघे दुखणाऱ्यांनी हिवाळी नॉर्वेचा विचार दोनदा करावा.

ज्या एका गोष्टीसाठी लोक हा सगळा खटाटोप करतात ते नॉर्दर्न लाइट्स, ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश. अलास्काचं नाव ऐकलं की ते दिसतीलच असं सगळ्यांना वाटतं. जून-जुलैत तिथे रात्र नीट काळोखी होतच नाही, मग दिसणार काय? सप्टेंबरात एखाद्या रात्री नशीब उघडलं तर उघडलं. नॉर्वेत सप्टेंबर ते मार्च हा हंगाम, आणि बोट बरेच दिवस आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असते. आमच्या केबिनमध्ये एक स्पीकर होता. पाचव्या रात्री दीडला त्यातून शांत आवाजात घोषणा झाली. बायको गाऊनवर जाकीट आणि त्यावर शाल घेऊन डेकवर पळाली. पहिल्यांदा मला ढगच वाटला, राखाडी, जुन्या धोतराच्या पट्ट्यासारखा. मोबाइलच्या फोटोत तो हिरवा दिसला. हे कुणी आधी सांगत नाही: फिका प्रकाश डोळ्यांना पांढुरका दिसतो, हिरवा कॅमेऱ्याला दिसतो. दहा मिनिटांनी मात्र तो पट्टा अचानक हलायला लागला, कुणीतरी पडदा झटकावा तसा, खालची कड गुलाबी झाली, आणि तेव्हा कॅमेऱ्याची आठवण कुणालाच राहिली नाही. बारा दिवसांत असं दोनदा झालं. बाकीच्या रात्री ढग. हमी कुणीच देऊ शकत नाही. पूर्ण फेरीच्या प्रवाशांना हंगामात एकदाही दिसले नाहीत तर पुन्हा सफर देण्याची योजना असते, तिच्या अटी वाचून घ्या.

अलास्काचं उत्तर हिमनद्यांत आहे, आणि ते तोडीस तोड आहे. ग्लेशियर बेमध्ये सकाळी छोट्या होडीतून नॅशनल पार्कचे रेंजर बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. 1794 साली जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीची माणसं तिथे पोचली तेव्हा ही खाडी नव्हतीच, जवळजवळ सगळा बर्फ होता. तेव्हापासून तो शंभर किलोमीटरहून जास्त मागे सरकलाय. म्हणजे बोट ज्या पाण्यावर उभी असते तिथे पेशव्यांच्या काळात बर्फाची भिंत होती. मार्जरी हिमनदीसमोर बोट तासभर थांबली. बर्फ निळा, कारण वरच्या वजनाने त्यातली हवा दाबून निघून गेलेली. एक कडा सुटून पडला तेव्हा आधी पाणी उसळलेलं दिसलं आणि गडगडाट मागून आला, लांब डोंगरात सुरुंग लावल्यावर येतो तसा. तिथले मूळ रहिवासी ट्लिंगिट लोक या आवाजाला ‘पांढरा गडगडाट’ म्हणतात. पण एक बघा: ग्लेशियर बेमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ बोटींनाच परवानगी असते, त्यामुळे प्रत्येक सफरीत ती नसते. जाहिरातीत नुसतं ‘हिमनदी दर्शन’ लिहिलं असेल तर कुठली हिमनदी, ते विचारा.

बंदरांत माझं मत स्कॅगवेला. 1898च्या सोन्याच्या धावपळीत तिथून डोंगरावर रेल्वे चढवली, 1900 मध्ये पूर्ण झाली, रूळ फक्त तीन फुटी. कसारा घाटात मागून बँकर इंजिन लावून गाडी वर ढकलताना बघत आपण मोठे झालो. कसाऱ्याची चढण 1:37, म्हणजे 37 फुटांत एक फूट. स्कॅगवेच्या या व्हाइट पास रेल्वेची जास्तीत जास्त चढण 3.9 टक्के, म्हणजे जवळजवळ 1:26. डब्याच्या बाहेरच्या ओट्यावर उभं राहता येतं. बायको पूर्ण वेळ तिथेच होती. जुनोला रस्त्याने जाताच येत नाही, राज्याची राजधानी असून. बोट नाहीतर विमान. तिथून देवमासे बघायला लहान बोटी निघतात, आणि उन्हाळ्यात हंपबॅक तिथे खायलाच आलेले असतात, त्यामुळे दिसण्याची शक्यता चांगली. केचिकन दोन तासांत आटोपतं, अर्थात जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्यातून उलटे चढणारे सामन मासे सोडून. नॉर्वेत ऑलेसुंड: 1904च्या आगीत गाव जळालं आणि मग दगडविटांत एकाच शैलीत पुन्हा उभं राहिलं, त्यामुळे आखल्यासारखं देखणं. होनिंग्सवोगहून नॉर्डकॅपला, म्हणजे उत्तर टोकाच्या कड्याला, हिवाळ्यात बस एकटी जात नाही. पुढे बर्फ ढकलणारी गाडी आणि मागे रांगेने सगळ्या.

समुद्र लागण्याचं काय, हा मावसभावाचा सगळ्यात मोठा प्रश्न, कारण तो घारापुरीच्या लाँचमध्येही आडवा झाला होता. अलास्काचा इनसाइड पॅसेज बेटांच्या आडून जातो, पाणी तळ्यासारखं. सिॲटलहून निघणाऱ्या बऱ्याच बोटी मात्र व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. पोट नाजूक असेल तर व्हँकुव्हरहून निघणारी घ्या. नॉर्वेतही बराचसा मार्ग आडोशाचा, पण स्टाडचं भूशिर, लोफोटेन बेटांच्या आधीचा वेस्टफ्योर्ड आणि नॉर्डकॅपच्या पूर्वेचा पट्टा हिवाळ्यात चांगलाच हलवतो. त्याला मी म्हटलं, आधी मुंबई-गोवा दोन रात्रींची क्रूझ करून बघ. पोटाची परीक्षा मुंबईतच झालेली बरी.

केबिनबद्दल आमची फजिती. नॉर्वेचं बुकिंग ज्या एजंटाकडे केलं त्याने ‘दोघांची केबिन’ असं सांगितलं. आत गेलो तर एका भिंतीला सोफा, जो रात्री पलंग होतो, समोरच्या भिंतीला पाडून उघडायचा दुसरा पलंग, आणि मधे हात पुरणार नाही एवढं अंतर. रेल्वेच्या डब्यातल्या समोरासमोरच्या बर्थवर अकरा रात्री. या बोटींच्या साध्या वर्गात हे नेहमीचंच आहे, डबल बेड वरच्या वर्गात मिळतो. आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला निघालेल्यांनी हे आधी लेखी घ्यावं. अलास्काच्या बोटीत हा प्रश्नच नसतो. तिथे खर्च करायचाच असेल तर बाल्कनीवर करा.

जेवणात अलास्का सरळ जिंकते. पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगून ठेवलं तर डाळ, भात, भाजी होते. आमचा वेटर गोव्याचा निघाला आणि त्याने दुसऱ्या दिवसापासून हिरव्या मिरच्या आणून दिल्या. नॉर्वेत मासे खाणाऱ्याची चंगळ, शाकाहारी माणसाला बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं, आणि तरी सूप, बटाटे, ब्रेड, तपकिरी गोडसर चीज यांच्याभोवती फिरायचं. चिवड्याची दोन पाकिटं बॅगेत असू द्या.

कागदपत्रं नॉर्वेला सोपी. एक शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा, संपलं. अलास्काला अमेरिकेचा व्हिसा, त्याच्या मुलाखतीची तारीख मिळणं हीच एक सफर. आणि वर कॅनडाचाही. बोट सिॲटलहून निघून सिॲटललाच येणार असली तरी मधे कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला थांबते, कारण 1886च्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या बोटीला अशा फेरीत परक्या बंदराला स्पर्श करावाच लागतो. अमेरिकेचा व्हिसा आधीच पासपोर्टवर असेल, मुलगा तिकडे असेल, तर मात्र पारडं लगेच फिरतं.

पैशांचं गणित दोन्हीकडे वेगळ्या प्रकारे फसवतं. अलास्काचं तिकीट स्वस्त दिसतं आणि मग माणशी रोजची 15 ते 20 डॉलर टीप, वायफाय, रेल्वे, देवमासे असं एकेक चढत जातं. नॉर्वेचं सुरुवातीलाच डोळ्यांत येतं, पण नंतर फारसं वाढत नाही. बर्गन-किर्केनेस एकाच दिशेने करून किर्केनेसहून विमानाने परतलं तर सात दिवसांत होतं. दमणूकही मोजा: नॉर्वे हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, अलास्का उन्हाळ्यात साडेतेरा. अलास्कातल्या पहिल्या तीन रात्री मी पहाटे तीनला टक्क जागा होतो.

मला विचाराल तर मी पुन्हा नॉर्वेला जाईन, बायको म्हणते अलास्का. ती म्हणते तिथे तिला सुट्टीवर असल्यासारखं वाटलं.

पण मावसभावाचा निर्णय हवामानावर नाही, द्राक्षांवर होता. जानेवारी ते एप्रिल काढणी, म्हणजे फेब्रुवारीचं नॉर्वे बाद. एप्रिलची खरड छाटणी झाली की जुलै-ऑगस्टला बाग थोडी सोडते, म्हणून मी सरळ अलास्का सांगून टाकलं. तेवढ्यात फोनवर मागून वहिनींचा आवाज: “भाऊजी, ते आकाशातलं हिरवं दिसेल ना?” नाही म्हटल्यावर पलीकडे शांतता. मग आम्ही नॉर्वेचा सप्टेंबर काढला. रात्री पुरेशा काळोख्या झालेल्या असतात, धक्के निसरडे नसतात, थंडी स्वेटरची, ऑक्टोबरची गोडी छाटणी अजून पुढे. बर्फ फक्त डोंगरमाथ्यावर, एवढी तडजोड. पण सप्टेंबरात गौरी-गणपती, ते सोडून वहिनी हलणार नाहीत. राहिले विसर्जनानंतरचे पंधरा दिवस. त्यांनी कालनिर्णय उघडलं, आणि तो नेमका पितृपक्ष. वहिनी म्हणाल्या, वाडवडील काही म्हणणार नाहीत, सासूबाईंना कोण सांगणार ते तुम्ही दोघं भाऊ ठरवा.