आठ महिने झाले, जुन्या सायकलचे गिअर अजून नीट पडतायत

माझी २१ गिअरची सायकल २०११ची. मधली पाच-सहा वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. डिसेंबरात बाहेर काढली तर मागचा गिअर पडेचना. बोटाच्या खटक्याने चेन सगळ्यात लहान चकतीवर यायची, पण परत चढवायला अंगठ्याचा खटका दाबला की तो नुसता पोकळ फिरायचा. अशा सायकलवर पुण्याजवळचा बोपदेव घाट सोडाच, चांदणी चौकाचा चढही जीव काढतो.

पेठेतल्या दुकानात 'शिफ्टरची (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्यांची) जोडीच बदला' म्हणाले. मला ते पटेना. खटका पोकळ लागला म्हणजे आत काही तुटलंच असं नाही. शिफ्टरच्या आत एक दातेरी चकती असते आणि तिच्या दातांत अडकणाऱ्या बारीक खिट्या, त्यांना स्प्रिंग रेटत असते. मूळचं ग्रीस वर्षानुवर्षं पडून मेणासारखं घट्ट होतं, खिटी त्यात चिकटते आणि दातापर्यंत पोचतच नाही. थंडीत तर जास्तच.

पहिल्यांदा मी घाई केली. गंज सोडवायचा स्प्रे मारला, दहा मिनिटांत खटखट आवाज यायला लागला, मी खूश. तीन आठवड्यांत पुन्हा तेच! स्प्रे उडून गेला आणि अर्धवट विरघळलेलं ग्रीस परत आळलं.

दुसऱ्यांदा नीट बसलो. गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणला, कारण तिथेच गिअरच्या वायरची गुंडी (टोकाचा गोळा) शिफ्टरमधून बाहेर ढकलता येते. वायर काढली. ब्रेकचे रबर आणि रिम फडक्याने झाकले. तिथे तेलकट काही लागलं तर ब्रेकच लागत नाहीत. मग वायरच्या भोकातून आणि खटक्यांच्या फटीतून स्प्रे, शंभरेक वेळा खटका दाबायचा, काळं पाणी गळू द्यायचं, पुन्हा स्प्रे. चौथ्या फेरीला गळणारं स्वच्छ झालं. रात्रभर वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडले. जाड ग्रीस परत भरू नका. आणि शिफ्टर पूर्ण उघडायच्या फंदात पडू नका, बारीक स्प्रिंगा उडाल्या की पुन्हा बसवणं फार अवघड.

वायर आणि आउटर (वायरवरची नळी) दोन्ही नवीन टाकले. आउटर गिअरचाच मागा. ब्रेकच्या आउटरमध्ये तार वेटोळ्यासारखी गुंडाळलेली असते, ती दाबाखाली आखडते आणि गिअर जागेवर बसत नाही.

त्यानंतर उन्हाळ्याची धूळ झाली, जुलैत खडकवासल्याच्या रस्त्यावर भर पावसात भिजून झालं. मागचा गिअर एकदाही पोकळ गेला नाही. पावसात भिजल्यावर दोन थेंब तेल तेवढं सोडलं. पुढचा शिफ्टर मात्र मधल्यावरून मोठ्या चकतीवर जाताना सकाळी पहिल्यांदा अजून जड लागतो. त्याला मी दोनच फेऱ्या दिल्या होत्या. थंडी पडायच्या आत तोही पुन्हा धुणार आहे.